फोन ठेवल्यानंतरची दोन मिनिटं : टेक सेल्समधली माझी वर्षभराची इंटर्नशिप

गेल्या आठवड्यात वायवा (तोंडी परीक्षा) झाला आणि माझं इंटर्नशिपचं वर्ष कागदोपत्री संपलं. मी कॉम्प्युटरची विद्यार्थिनी, पण हे वर्ष मी टेक सेल्समध्ये काढलं. म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांत नाही, विकणाऱ्यांत. अर्ज करायच्या दिवसांत मी या कामाची माहिती शोधत होते, तेव्हा कोडिंगच्या इंटर्नशिपबद्दल ढीगभर सापडलं. सेल्सबद्दल मात्र ‘आत्मविश्वास हवा’ यापलीकडे फारसं कुणी बोलत नव्हतं. कोणता कागद कधी लागतो, पैसे हातात कधी पडतात, पहिले तीन महिने मनाचं काय होतं, हे मला जाणून घ्यायचं होतं. ते आता मीच लिहितेय, तारखांसकट.

आमच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या आणि शेवटच्या वर्षाच्या मध्ये एक अख्खं वर्ष बाहेर काम करायची सोय आहे. त्याची तयारी नऊ-दहा महिने आधी सुरू होते, हे मला सीनियर्सनी सांगितलं म्हणून कळलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये मी अर्ज करायला लागले. एकूण तेवीस अर्ज केले, नऊ ठिकाणांहून उत्तर आलं, चार ठिकाणी मुलाखतीपर्यंत पोचले. सुरुवातीचे सगळे अर्ज डेव्हलपमेंटचे होते. सेल्सचा पहिला अर्ज नोव्हेंबरमध्ये केला, तोही जाहिरातीतल्या एका ओळीमुळे: ‘ज्यांना गुंतागुंतीची गोष्ट सोपी करून सांगायला आवडते त्यांच्यासाठी.’ ते मला खरंच आवडतं. वर्गात कुणाला एखादा अल्गोरिदम कळला नाही की मी तो समजावत बसते.

सेल्सच्या मुलाखतीत रोल-प्ले असतो, त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. एक पानभर मजकूर देतात: प्रॉडक्ट काय, ग्राहक कोण. दहा मिनिटं वाचायला मिळतात आणि मग मुलाखत घेणारी व्यक्तीच ग्राहक होऊन समोर बसते. पहिल्या रोल-प्लेत मी प्रॉडक्टची सहा वैशिष्ट्यं एका दमात सांगितली. समोरच्या मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “तुम्ही अजून मला एकही प्रश्न विचारला नाहीत.” ती मुलाखत गेली. पण त्या एका वाक्यावर पुढची मिळाली. जानेवारीतल्या रोल-प्लेत मी पहिली चार मिनिटं फक्त विचारत राहिले: आत्ता हे काम कसं करता, त्यात वेळ कुठे जातो, बिघडलं तर पहिला फोन कुणाला येतो. प्रॉडक्टचं नाव घ्यायला शेवटची दोन मिनिटं पुरली.

ऑफर १४ फेब्रुवारी २०२३ ला आली. मला वाटलं, झालं. प्रत्यक्षात कागदांचं काम तिथून सुरू झालं.

कॉलेज, कंपनी आणि विद्यार्थी असा त्रिपक्षीय करार लागतो. त्याआधी प्लेसमेंट सेलला कामाचं स्वरूप मंजूर करून घ्यावं लागतं. त्या अर्जात आठवड्याचे तास, एकूण आठवडे, कंपनीतल्या सुपरवायझरचं नाव, कामाच्या जागेच्या सुरक्षेची माहिती आणि विम्याचा तपशील भरायचा असतो. माझा अर्ज एकदा परत आला, कारण कामाच्या वर्णनात नुसतं ‘सेल्स’ लिहिलं होतं आणि त्याचा अभ्यासक्रमाशी काय संबंध हे समितीला कळेना. मी टीम लीडना विनंती केली आणि त्यांनी दुसरं वर्णन पाठवलं: सीआरएममधल्या (ग्राहकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या) डेटावर काम, प्रॉडक्टची तांत्रिक मांडणी, ग्राहकांच्या सुरक्षाविषयक प्रश्नांना उत्तरं. ते चार दिवसांत मंजूर झालं. सेल्सला जाणार असाल तर कामाचं वर्णन पहिल्यांदाच असं सविस्तर मागून घ्या.

मग करार अडला तो गोपनीयतेच्या कलमावर. कंपनीचं म्हणणं, कामाची कोणतीही माहिती बाहेर जाता कामा नये. कॉलेजचं म्हणणं, रिपोर्ट बाहेरचे परीक्षक वाचणार. दोघांचंही बरोबर होतं, आणि मधल्या मध्ये मी रोज मेल उघडून बघत होते. शेवटी ‘ग्राहकांची नावं आणि किमती वगळून, कंपनीने वाचून मान्य केलेला रिपोर्ट’ अशी ओळ घातली गेली. या सगळ्यात सहा आठवडे गेले. त्या काळात मी दुसऱ्या कुठल्याही ऑफरला स्पष्ट नकार दिला नव्हता. ते योग्यच झालं असं आजही वाटतं. सही होईपर्यंत कुठलंही दार लावून घेऊ नये.

आणखी दोन गोष्टी लेखी विचारून घेतल्या, त्याचा उपयोग झाला. एक, कमिशन मिळणार का? सेल्समध्ये पगाराचा मोठा भाग कमिशनचा असतो, पण इंटर्नना ते नव्हतं, ठरलेला स्टायपेंडच होता. आधीच माहीत असल्याने नंतर वाईट वाटलं नाही. दुसरी, वर्षभर कॉलेजची नोंदणी चालू ठेवावी लागते का? लागते, आणि त्याची फी वेगळी भरावी लागते.

३ जुलै २०२३ ला रुजू झाले. पैशांचं आत्ताच सांगते. बँकेचा तपशील पेरोलला महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत द्यायचा असतो. माझ्या पत्त्याच्या पुराव्यावर जुना पत्ता होता, तो बदलून मिळेपर्यंत अठरा तारीख उजाडली. त्यामुळे जुलैचा स्टायपेंड ऑगस्टच्या स्टायपेंडबरोबर, ३१ ऑगस्टला जमा झाला. खोलीची अनामत, पास, ऑफिसचे कपडे, सगळं त्याआधी घरच्यांकडून उसनं घेतलं. दोन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवूनच जा. पुढेही स्टायपेंडचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्रवासात जात राहिला.

कंपनी कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. कुठल्या मशीनची देखभाल कधी करायची, कोणता पार्ट कधी बदलला, पुढचा कधी बदलायचा, याचा हिशोब ठेवणारं. माझं पद एसडीआरचं, म्हणजे सेल्स डेव्हलपमेंट रिप्रेझेंटेटिव्हचं. कंपन्या शोधायच्या, त्यांना फोन आणि मेल करायचे, गरज दिसली तर अकाउंट एक्झिक्युटिव्हबरोबर मीटिंग ठरवून द्यायची. डेमो, किंमत, वाटाघाटी हे पुढचं सगळं त्या एक्झिक्युटिव्हचं काम. बाहेरून एकच ‘सेल्स’ दिसतं, आत ते असं वाटलेलं असतं.

पहिले दोन आठवडे प्रशिक्षण होतं. प्रॉडक्ट शिकलो, सीआरएम शिकलो, जुन्या कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं. आयबीएममधून आलेली ‘बँट’ ही चौकट शिकलो: बजेट आहे का, निर्णयाचा अधिकार कुणाकडे, गरज काय, कधीपर्यंत हवं. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. पण अनोळखी माणसाला पहिल्याच फोनवर ‘बजेट किती?’ असं विचारता येत नाही, हे रेकॉर्डिंग ऐकताना समजत गेलं.

१९ जुलैला माझा पहिला कॉल. डायल करण्याआधी तळहात गार पडले होते. अकरा नंबरांवर कुणी उचललं नाही, बारावा उचलला गेला तेव्हा मी लिहून ठेवलेलं वाक्य वाचून दाखवलं, आणि पलीकडच्या बाईंनी “आत्ता नको” म्हणून ठेवला. सतरा सेकंद. शेजारच्या सीनियरने एवढंच सांगितलं, “उद्या हेच वाक्य उभी राहून म्हण.” मी म्हटलं. आवाज खरोखर बदलतो. वर्षभर मी उभ्यानेच फोन केले.

ऑगस्ट आणि सप्टेंबर अवघड गेले. दिवसाला पन्नास नंबर लावायचे, त्यातले पाच-सहा जण उचलायचे, आणि कित्येक दिवस त्यातलं एकही संभाषण पुढे सरकायचं नाही. पहिल्या महिन्यात टार्गेट नव्हतं, दुसऱ्या महिन्यात चार मीटिंग, तिसऱ्यात सहा, नंतर दर महिन्याला आठ. सप्टेंबरमध्ये माझ्या दोनच झाल्या. संध्याकाळी खोलीवर आले की कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही, आईचा फोनसुद्धा वाजू द्यायचे. हे मुद्दाम लिहितेय. कारण या दोन महिन्यांत प्रत्येकाला वाटतं की आपल्यातच काहीतरी कमी आहे. आमच्या तुकडीतल्या पाचही जणांना तसं वाटत होतं, आणि ते आम्ही एकमेकांना डिसेंबरमध्ये सांगितलं. ऑगस्टमध्येच सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत मी वहीच्या मागच्या पानावर ‘नाही’चे प्रकार लिहायला लागले. ‘आत्ता नाही’ म्हणजे वेळ चुकली. ‘मी नाही’ म्हणजे माणूस चुकला, आणि योग्य माणूस कोण हे बहुतेक वेळा तीच व्यक्ती सांगते. ‘हे नाही’ म्हणजे त्यांच्याकडे दुसरं काहीतरी आहे, ते कसं चाललंय ते विचारता येतं. आणि एक नुसतं ‘नाही’. ते मान्य करून आभार मानून फोन ठेवायचा. सगळे नकार एकसारखे ऐकू येणं थांबलं, तसं मन थोडं हलकं झालं. रिसेप्शनवरची माणसं या सगळ्यात फार मोलाची. त्यांना वळसा घालून आत शिरायच्या युक्त्या काही जण शिकवतात, त्या मला पटल्या नाहीत. “या कामासाठी कुणाशी बोलणं योग्य होईल?” एवढं सरळ विचारलं की ती नाव, वेळ, कधी कधी थेट एक्स्टेंशनसुद्धा देतात.

१० ऑक्टोबरला माझ्या हातून चूक झाली. एका गृहस्थांनी “पुन्हा फोन करू नका” असं स्पष्ट सांगितलं होतं. फोन ठेवताक्षणी दुसरा कॉल आला, तो घेतला, आणि आधीची नोंद करायची राहून गेली. सहा दिवसांनी सीआरएमच्या यादीत तोच नंबर वर आला आणि मी लावला. त्यांनी आवाज ओळखला. “मी तुम्हाला सांगितलं होतं,” एवढंच म्हणाले. दुपारी त्यांची लेखी तक्रार आली: माझा नंबर कुठून मिळवला ते कळवा आणि काढून टाका. युरोपियन युनियनमध्ये २५ मे २०१८ पासून जीडीपीआर हा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे, आणि मार्केटिंगसाठी आपली माहिती वापरायला एखाद्याने हरकत घेतली तर ती मानावीच लागते. आमच्या कंपनीने हा नियम सगळ्याच ग्राहकांसाठी ठेवला होता. टीम लीड रागावले नाहीत. त्यांनी उत्तराचा मसुदा मलाच लिहायला लावला. माफी मागणारी ती चार वाक्यं लिहायला मला दोन तास लागले.

त्या दिवसापासून एक नियम केला: फोन ठेवला की दोन मिनिटं नोंद, ती झाल्याशिवाय पुढचा नंबर लावायचा नाही, मग यादी कितीही लांब असो. दिवसाचे पन्नास कॉल चाळीसवर आले. लीडने कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी मान डोलावली. वर्षभरात मी घेतलेला सगळ्यात चांगला निर्णय हाच.

१६ नोव्हेंबरचा एक कॉल त्या नोंदीत जसाच्या तसा आहे. एका कारखान्याचे मेंटेनन्स प्रमुख. “आमचं एक्सेलवर व्यवस्थित चालतंय,” ते म्हणाले. ऑगस्टमध्ये मी इथेच आभार मानून ठेवला असता. यावेळी विचारलं, “ती शीट रोज कोण भरतं?”

ते गप्प झाले. मागे मशीनचा एकसुरी आवाज येत होता. मला काहीतरी बोलून ती जागा भरावीशी वाटत होती, पण थांबले.

“एकच गृहस्थ आहेत आमचे,” ते म्हणाले. “एकवीस वर्षं तेच भरतात.” परत शांतता. “मार्चअखेर निवृत्त होतायत. कुठल्या बेअरिंगला कधी ग्रीस लागतं हे त्यांना शीट न उघडता माहीत असतं.”

मी नोंद केली: ‘एक्सेल. एकच माणूस, ३१ मार्चला निवृत्त. सकाळी ९ च्या आधी फोन करावा, नंतर शॉपफ्लोअरवर असतात. घाई करू नये, स्वतःहून बोलतात.’ अकाउंट एक्झिक्युटिव्हने ती वाचली आणि डेमो नेहमीच्या पद्धतीने न करता थेट त्या निवृत्त होणाऱ्या काकांनाच बोलवायला सांगितलं. डिसेंबरमधल्या डेमोत सगळे प्रश्न काकांनीच विचारले. त्यातल्या दोनांची उत्तरं आमच्याकडे नव्हती. आम्ही तसं सांगितलं आणि आठवड्याने पाठवली.

मीटिंग ठरली की माझं काम संपायला हवं होतं, पण मी लीडला विचारून या सौद्याबरोबर राहिले. तुम्हालाही जमलं तर एका तरी सौद्याबरोबर शेवटपर्यंत राहा. एक्झिक्युटिव्हने मला ‘मेडिक’ ही दुसरी चौकट शिकवली. ती १९९० च्या दशकात पीटीसी या सॉफ्टवेअर कंपनीत तयार झाली. तिच्यात पैशांचा निर्णय प्रत्यक्षात कोण घेतं, निर्णयाचे टप्पे कोणते, आणि आत राहून आपली बाजू कोण मांडेल, हे शोधायचं असतं. आमची बाजू मांडणारे मेंटेनन्स प्रमुख होते. पैसे मात्र फायनान्सच्या हातात, आणि वाटेत आयटी विभाग.

आयटीने सुरक्षेची प्रश्नावली पाठवली, एकशे चौसष्ट प्रश्नांची. डेटा कुठे साठवता, साठवलेला डेटा एन्क्रिप्टेड असतो का, बॅकअप किती दिवसांचा, कुणाला काय दिसतं, आयएसओ २७००१ चं (माहितीच्या सुरक्षेच्या मानकाचं) प्रमाणपत्र आहे का, एसओसी २ चा (बाहेरच्या लेखापरीक्षकांनी सुरक्षा तपासल्याचा) अहवाल दाखवाल का. पहिला मसुदा माझ्याकडे आला. वर्गात शिकलेलं सगळं इथे समोर उभं होतं, आणि वर्षात पहिल्यांदा मला वाटलं की मी माझ्याच शाखेत आहे. आमच्या सिक्युरिटी टीमने माझी एकतीस उत्तरं दुरुस्त केली. कुठली आणि का, हे मी त्यांच्याजवळ बसून लिहून घेतलं. प्रश्नावलीला पाच आठवडे लागले. मग एनडीए (गोपनीयतेचा करार), व्हेंडर नोंदणीचा अर्ज, बँकेचं पत्र.

मधेच २४ जानेवारीला कॉलेजच्या गाइड भेटीला आल्या. पाऊण तास माझ्याशी आणि लीडशी वेगवेगळं बोलल्या, लॉगबुक तपासलं. नोव्हेंबर-डिसेंबरचे सहा आठवडे त्यात कोरे होते. ते मी सीआरएममधल्या नोंदींवरून दोन रात्रींत भरून काढले. त्यानंतर दर शुक्रवारी जायच्या आधी पंधरा मिनिटं लॉगबुकसाठी ठेवली.

मार्च हा तिमाहीचा शेवट. सगळ्या मजल्यावर वेगळाच ताण असतो, माणसं हळू आवाजात भरभर बोलतात. आमचा सौदा मार्चच्या अंदाजात धरला होता. ३१ तारखेच्या आत सही केली तर सवलत, असंही कळवलं होतं. पण ग्राहकाची खरेदी समिती एप्रिलमध्येच बसणार होती आणि ती कुणासाठी आधी बसत नाही. सौदा पुढच्या तिमाहीत ढकलला गेला. मला रडू आलं, खरं सांगते. मेंटेनन्स प्रमुखांनीच फोन करून सांगितलं की काकांना दोन महिने सल्लागार म्हणून ठेवून घेतलंय, शीटमधलं सगळं ते तोवर कागदावर उतरवतायत. २९ मे २०२४ ला पीओ, म्हणजे खरेदीची लेखी ऑर्डर, आली. सौदा अकाउंट एक्झिक्युटिव्हच्या नावावर नोंदला गेला, तसाच नोंदायला हवा. सीआरएममध्ये ‘सोर्स’च्या रकान्यात माझं नाव होतं.

शेवटचा दिवस २८ जून. पंधरा दिवस आधीपासून हँडओव्हर लिहीत होते. चालू असलेल्या एक्केचाळीस कंपन्या, प्रत्येकीच्या तीन ओळी: काय बोलणं झालं, पुढचा फोन कधी, त्या माणसाशी कसं बोलावं. लॉगिन संध्याकाळी पाचला बंद झालं. रिपोर्टसाठी लागणारे आकडे त्याआधी लेखी परवानगीने घेऊन ठेवा, नंतर मिळत नाहीत. आठ हजार शब्दांचा रिपोर्ट कंपनीने वाचून मान्य करायला बारा कामाचे दिवस घेतले, मी तीन आठवडे आधी पाठवला होता म्हणून निभावलं. ग्राहकांची नावं ‘ग्राहक क’, ‘ग्राहक ख’ अशी केली. वायवात परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ विचारलं ते ऑक्टोबरमधल्या चुकीबद्दल. मी ती रिपोर्टमध्ये ठेवली होती.

वायवाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या जागी आलेल्या मुलाचा फोन आला. माझ्या हँडओव्हरमधल्या एका नोंदीपाशी तो अडला होता. “ताई, इथे लिहिलंय, ‘प्रश्न विचारून थांबावं, दहापर्यंत मोजावं.’ म्हणजे काय?”

मी सांगितलं की ते ग्राहक विचार करून बोलतात. फोन कट झालाय असं वाटतं, पण झालेला नसतो. पहिल्या वेळी मी मध्येच “हॅलो, हॅलो” म्हणाले आणि त्यांचा धागा तुटला. मनात सावकाश मोज, आणि तोवर दुसरं काही विचारू नकोस.

दुपारी त्याचा मेसेज आला: ‘सातला बोलले. पंचवीस मिनिटं. नोंद केली.’